ड्रोनच्या फ्रेमचं कार्बन फायबर खरं आहे की नुसतं दिसायला, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की ५ इंची (म्हणजे ५ इंची पंख्यांची) फ्रेम 'प्युअर कार्बन' म्हणून ऑनलाइन मागवली, वर वीण पण मस्त दिसतेय, पण मित्र म्हणतोय डुप्लिकेट आहे. वरून बघून दोघांपैकी कोणालाच कळणार नाही, कारण तशीच वीण काळ्या ग्लास फायबरलाही असते आणि प्लास्टिकवर वीणीची फिल्म चिकटवलेला माल पण सर्रास मिळतो. कापलेली कड बघा. सपाट प्लेट मशीनवर कापतात, म्हणजे कडेला थर दिसायला पाहिजेत. वीण कडेवरून वळून खाली उतरलेली दिसली तर विषयच संपला, फिल्म आहे ती.

मग मल्टिमीटर घ्या. कार्बनमधून करंट जातो, ग्लासमधून जात नाही, एवढं सगळेच सांगतात, पण लोक पिना वरच्या चकचकीत भागावर टेकवतात आणि बीप आला नाही की रिटर्न टाकायला धावतात. अहो वर इपॉक्सी (तंतू धरून ठेवणारं रेझिन) असतं, ते इन्सुलेटर आहे! पिना स्क्रूच्या भोकाच्या आत नाहीतर कडेवर जोरात दाबा, दोन्हीत सेंटीमीटरभर अंतर ठेवून. तरी काही येत नसेल तर कड बारीक पॉलिश पेपरने हलकी घासा, पण पेपर ओला करून आणि मास्क लावून, कोरडी धूळ अंगाला लागली तर खाजवून जीव जातो आणि नाकात जाणं तर त्याहून वाईट. मीटर बीपवर नको, ओहमवर ठेवा, कारण रेझिस्टन्स थोडा जास्त असला की बरेच मीटर बीप देतच नाहीत. कड पुसून कोरडी केल्यावर आकडा आला, मग तो उड्या मारत का असेना, तर तिथे कार्बन आहे.

'तिथे' मुद्दाम म्हटलं. स्वस्त मालात वरचा आणि खालचा थर कार्बनचा आणि मधे ग्लास भरलेलं असं सँडविच पण येतं. ५ मिमी जाडीचा आर्म (मोटर बसते तो दांडा) असेल तर दोन्ही पिना कडेच्या बरोबर मधल्या पट्ट्यावर टेकवा. वर आकडा येतोय आणि मधे काहीच नाही, शिवाय उजेडात धरल्यावर मधला भाग पांढुरका-हिरवट दिसतोय, तर झालं, कळलं.

अजून शंका असेल तर वजन. कार्बन-इपॉक्सीची घनता साधारण १.५५ ते १.६ ग्रॅम प्रति सीसी, ग्लास-इपॉक्सीची १.८५ च्या आसपास. आर्मला भोकं असतात, मोजपट्टीने व्हॉल्यूम काढत बसू नका. सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा घ्या, त्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा झिरो करा, आर्म दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा पण तळाला टेकू देऊ नका. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके सीसी व्हॉल्यूम. कोरड्या आर्मच्या वजनाला त्याने भागा. १६ ग्रॅमच्या आर्मला १० आलं तर १.६, छान. ८.६ आलं तर ग्लास. स्टीलचे नट-स्क्रू आधी काढा आणि बुडबुडे झटका, नाहीतर गणित गंडतं.

लिस्टिंगमधल्या '३के'वर जाऊ नका, ३के म्हणजे एका धाग्यात ३००० तंतू, आतल्या थरांत काय भरलंय ते त्यातून कळत नाही. तंतूचा दर्जा टी३०० की टी७०० हे तर घरी ओळखताच येणार नाही, दोन्हीचा कडकपणा सारखाच, २३० गिगापास्कल, फरक आहे तो तुटायच्या ताकदीत. लायटरने जाळून बघा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, चांगला आर्म वाया जाईल आणि धूर घरात.

आणि एफ४५० सारखी फ्रेम असेल तर कार्बन शोधूच नका, तिचे आर्म मुळातच ग्लास भरलेल्या नायलॉनचे आणि प्लेटा पीसीबीच्या (सर्किट बोर्डाच्या) मटेरियलच्या, शिकायला ती उत्तम आहे, फक्त कार्बनचे पैसे देऊ नका.

तुमची फ्रेम खरी निघाली तर इएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) बसवायच्या आधी आर्मवर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी इन्सुलेटिंग टेप) मारा, सोल्डरचा उघडा पॅड कार्बनला टेकला की शॉर्ट होतो, आणि अँटेना प्लेटांच्या मधे न ठेवता बाहेर काढा, कार्बन सिग्नल अडवतं.