ताईंना विचारा : जामीन राहू का?

प्रश्न : मी मूळची हरिपूरची. लहानपणी आई एका हळद व्यापाऱ्याकडं हळकुंडं निवडायला जायची. त्यांची धाकटी माझी मैत्रीण. तिचे जुने फ्रॉक मी घालायचे, तिच्या वह्या मी पुऱ्या करायचे. चौथीत असताना श्रावणी सोमवारी संगमेश्वराला गेलो, तिथं घाटावर तिच्या कानातली रिंग पाण्यात पडली. कुणाला सांगू नको म्हणून तिनं मला आईची शप्पथ घातली. चोरीचा आळ आईवर आला, काम सुटलं. ती गप्प राहिली, शपथेपायी मीही. आज मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिच्या नवऱ्याचा बेदाण्याचा धंदा बसलाय. पतसंस्थेच्या कर्जाला मी जामीन राहावं म्हणून ती पगारपत्रक मागतेय. आई म्हणते, "सही कर, त्यांचं अन्न खाल्लंय." काय करू? – एक वाचक, सांगली

उत्तर : सही करू नका.

जामीन म्हणजे ओळखीपुरती सही, असं आपल्याकडं अजून समजतात. 1872 च्या करार कायद्याचं कलम 128 वेगळं सांगतं : करारात दुसरं काही ठरलं नसेल, तर कर्जदाराइतकीच जबाबदारी जामीनदाराची. आधी तिचं घर विका, मग माझ्याकडं या, असं म्हणायची सोय सहसा नसते. सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुलीचा दाखला निघाला, की धंदा बुडालेल्यापेक्षा दरमहा पगार घेणारी बाई वसुली अधिकाऱ्याला आधी सापडते. पतसंस्थेला तुमची मैत्री नकोय, तुमचा पगार हवाय. मैत्रिणीला तरी दुसरं काय हवंय?

आईंच्या अन्नाचं म्हणाल तर त्या दिवसभर मान मोडून हळद निवडत होत्या. मिळाली ती मजुरी, उपकार नव्हेत.

चौथीतल्या पोरीवर मी राग धरणार नाही. बापाच्या धाकानं मुलं गप्प बसतात. पण तिचं पुढं लग्न झालं, मुलंबाळं झाली असतील, बाप म्हातारा झाला असेल. एवढ्या वर्षांत आईंच्या दारात येऊन "काकू, रिंग नदीत पडली होती" एवढं म्हणायला काय लागत होतं? मैत्री आठवली ती नेमकी पगारपत्रकापाशी. (आणि शप्पथ घालायला तिला तुमचीच आई सापडली!)

मला खटकतं ते निराळंच. तुमच्या पत्रावरून वाटतं, आईंना रिंगेचं अजून ठाऊक नाही. म्हणजे त्या सल्ला देताहेत तो अर्ध्या गोष्टीवर. ज्या घरानं त्यांना चोर ठरवलं, त्या घराचे उपकार त्या फेडू बघताहेत. त्यांना सगळं सांगा, याच आठवड्यात. रडतील, तुमच्यावर चिडतीलही. चिडू दे.

नंतर मैत्रिणीला घरी बोलवा. आईंसमोर तिनं आपल्या तोंडानं सांगितलं, तर मदतीचं बघा. बुडाले तरी झोप उडणार नाही, एवढीच रक्कम हातउसनी द्या, तीही चेकनं. नाहीच सांगितलं, तर चहा पाजून वाटेला लावा.

पगारपत्रक मात्र दोन्ही वेळी कपाटातच. "नुसतं दाखवायला दे" म्हणाली तरी.