जुन्या पद्मिनीला फ्लॅट काळा रंग द्यायचा आहे, तो टिकाऊ कसा होईल?

तुमची 1978ची प्रीमियर पद्मिनी आहे, मूळ रंग पांढरा, खालच्या बाजूला गंज. ती पूर्ण फ्लॅट, म्हणजे बिनचमकीची मॅट, काळी करायची आहे. रंगाऐवजी रॅप, म्हणजे वरून चिकटवायची फिल्म, चालेल का असंही तुम्ही विचारलंत. आणि ओळखीचा पेंटर म्हणतोय, "ब्लॅकबोर्ड पेंट मारतो, स्वस्तात मॅट होईल." आधी त्याला थांबवा. फळ्याचा रंग वर्गातल्या भिंतीसाठी असतो, दिवसभर उन्हात तापणाऱ्या पत्र्यासाठी नाही. दोनेक उन्हाळ्यांत बॉनेट आणि टप राखाडी पडतात, आणि वरून हात फिरवला की बोटांना काळी भुकटी लागते. यात काळ्या रंगद्रव्याचा दोष नसतो. कार्बन ब्लॅक उन्हाला चांगलं टिकतं, पण त्याला धरून ठेवणारं रेझिन उन्हाने झिजतं आणि मग रंगद्रव्य सुटं होतं. काही जण नुसता काळा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, मारून गाडी फिरवतात, ते तर त्याहून वाईट. साधा प्रायमर पाणी शोषतो, मग पावसाळ्यात गंज खालून फुगून वर येतो.

मी डेंटिंग-पेंटिंगच्याच धंद्यात आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पद्मिनीला वेगळी चेसिस नाही, बॉडी हाच सांगाडा आहे. त्यामुळे फ्लोअर, दाराखालचे सिल आणि दारांच्या तळाचा पत्रा आधी टोचून बघा. सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करून घ्या. भोकावर पुट्टी थापणाऱ्याकडे गाडी देऊ नका. जुना रंग पत्र्यापर्यंत उतरवला असेल तर त्याच दिवशी टू-पॅक, म्हणजे दोन डब्यांतलं मिसळून मारायचा, इपॉक्सी प्रायमर मारायचा. आपल्याकडच्या दमट हवेत उघड्या पत्र्यावर एका रात्रीत तांबूस छटा येते. पुट्टी इपॉक्सीवर लावायची आणि कोरडीच घासायची. आपल्या गॅरेजांत पाणी मारून पुट्टी घासायची सवय आहे, पण पॉलिएस्टर पुट्टी पाणी पिते आणि तेच पाणी पुढे रंगाला फोड आणतं. वॉटर पेपर वापरायचा तो सरफेसर, म्हणजे रंगाआधी पृष्ठभाग सपाट करणारा थर, मारल्यावर, 600 आणि मग 800 नंबरचा.

आता वरचा रंग. टिकाऊ हवा असेल तर टू-के पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा रंग, याला पर्याय नाही. त्यातही दोन वाटा आहेत. एक, टू-के मॅट काळा थेट मारायचा. दुसरी, काळा बेस कोट, म्हणजे रंगाचा थर, आणि त्यावर मॅट क्लिअर, म्हणजे बिनरंगी संरक्षक थर. मी दुसरी सुचवेन. खर्च वाढतो, पण ऊन, पेट्रोल आणि पक्ष्यांची घाण आधी क्लिअर झेलतो. थेट रंगात रंगद्रव्य अगदी वरच असतं, त्यामुळे ते घासलं की लगेच दिसतं. काच खाली करून दारावर कोपर टेकवायची सवय असेल, तर तेवढी कड काही महिन्यांत चकाकायला लागते. आणि अगदी कोळशासारखा मेलेला मॅट घेण्यापेक्षा किंचित सॅटिनकडे, म्हणजे हलक्या चमकेकडे, झुकणारा घ्या. लांबून फ्लॅटच दिसतो, पण धुवायला सोपा जातो आणि डाग कमी धरतो.

मारताना खरी परीक्षा पेंटरची असते. मॅटमध्ये पत्र्याची लाट लपते, पण गनचा हात लपत नाही. चकचकीत रंगात धुळीचा कण बसला किंवा ओघळ आला तर 2000 नंबरने घासून पॉलिश करता येतो. मॅटमध्ये घासलं की तिथे कायमचा चमकता ठिपका, म्हणजे पूर्ण पॅनल परत. म्हणून फरशीवर आधी पाणी मारून धूळ बसवायची आणि कंप्रेसरच्या लाइनला पाणी अडवणारा फिल्टर हवाच. मॅट करणारी सिलिकाची भुकटी डब्याच्या तळाशी बसते, त्यामुळे डबा तळापासून ढवळून, गाळून घ्यायचा. सगळ्या गाडीला पुरेल एवढा क्लिअर एकाच बॅचचा आणा आणि पूर्ण गाडी एकाच बैठकीत मारा. आज दारं आणि उद्या बॉनेट केलं तर दोन वेगळे काळे दिसतील.

क्लिअरचे दोनच हात, म्हणजे थर. पहिला हात पूर्ण विझेपर्यंत, म्हणजे ओली चमक जाईपर्यंत, दुसरा मारायचा नाही. घाई केली की थिनर आत अडकतो आणि ढगाळ पट्टे उठतात. प्रमाण डब्यावर लिहिलेलंच, जास्त हार्डनर टाकून रंग जास्त टिकत नाही. उन्हाळ्यात हळू सुकणारा थिनर घ्या, नाहीतर फवारा पत्र्यावर पोचायच्या आत सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत येतो. पावसाळ्यात तर हे काम काढूच नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. आधी एका जुन्या पत्र्यावर नमुना मारून घ्या आणि दुसऱ्या दिवशी उन्हात बघा, कारण ओला मॅट नेहमी चकचकीतच दिसतो.

पेंटर तोंडाला रुमाल बांधून टू-के मारत असेल तर त्याला थांबवा. हार्डनरमधल्या आयसोसायनेट या रसायनाने कायमचा दमा जडू शकतो. बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क लागतो.

रॅपचंही विचारलंत. खालचा रंग पक्का असेल तर मॅट रॅप वाईट नाही, पण जुन्या रंगावर चिकटवलेला रॅप काढताना रंगाचे पापुद्रेही घेऊन येतो. गंजलेल्या गाडीला तर तो नकोच, खाली काय चाललंय ते कळतच नाही.

आरसीवर रंग लिहिलेला असतो, त्यामुळे पांढऱ्याची काळी करण्याआधी आरटीओत विचारून बदलाची नोंद करून घ्या. विम्यालाही कळवा. आणि हौस म्हणून टप पिवळा ठेवू नका. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये बंद झाल्या, तरी लोक हात करतील.

नंतरची निगा: वॅक्स, पॉलिश, ब्रशवाला वॉश, सगळं बंद. सावलीत, साध्या कार शॅम्पूने, मऊ मायक्रोफायबरने धुवा आणि लगेच टिपून घ्या. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे थेंब मॅटवर सुकले की घासून काढता येत नाहीत. पक्ष्याची घाण दिसली की ओलं फडकं ठेवून आधी भिजवा, मग उचला. कधीतरी एखादं दार ठोकलं जाणारच, तेव्हा पूर्ण दार परत मारावं लागेल. त्यासाठी त्याच बॅचचा बेस आणि क्लिअर थोडा बाजूला ठेवा, डबा घट्ट बंद करून. हार्डनर ठेवून उपयोग नाही, उघडलेला डबा हवेतल्या ओलाव्याने खराब होतो. तो त्या वेळी नवा आणा.