हवा कोणाची?

पवनीकडच्या एका शिक्षकांनी विचारलंय: 'यंदा हवा कोणाची' हा प्रयोग बरोबर, की 'वारं कोणाचं' म्हणावं? 'कारभार' कुठून आला, हेही जाता जाता विचारलंय.

सर, प्रयोग बरोबर आहे. चॅनेलचं बूम, म्हणजे माइक, पुढं करून 'गावात हवेचं वातावरण आहे' म्हणणाऱ्याला तुम्ही वारा देऊन काय सुधारणार?

ऋतूची हवा, ट्यूबमधली हवा सोडून देऊ. मजा शब्दाच्या मुळात आहे. अरबीत एकाच धातूची दोन जुळी लेकरं: एक हवा म्हणजे वायू, दुसरी, शेपटाला जराशी वेगळी, म्हणजे ओढ, वासना. फारसीत दोघी एकाच घरात नांदल्या. म्हणून तिकडं 'हवादार' म्हणजे पाठीराखा. आजही इराणात फुटबॉल संघाचा चाहता हवादारच. आपण मात्र हवादार ओसरीत खाट टाकून मोकळे झालो! निवडणुकीतली हवा हवामानाची नाहीच, ती या पाठीराख्याच्या कुळातली, असं माझं ठाम मत. कोशवाले 'लाक्षणिक अर्थ' एवढं लिहून हात झटकतात. झटकोत. वारं 'कुठलं' असतं, हवा 'कोणाची' असते, हा फरक त्यांच्या लक्षणेत बसवून दाखवावा. एक संस्कृतप्रेमी स्नेही तिला 'मला पाणी हवं'शी जोडतात. ते हवं 'भू' धातूचं, त्याचं अरबस्तानात कोणी नाही. आणि आपल्याकडं हवं म्हणतं कोण? पायजे.

2024 च्या एप्रिलात, लोकसभेच्या 19 तारखेच्या मतदानाआधी, चॅनेलची गाडी आमच्या पानठेल्यापुढं थांबली. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी 1988 ची. मूळ अंदाज 372 कोटींचा, तो हजारो कोटींवर गेला, नि पाणी आमच्या धुऱ्यापर्यंत काही आलं नाही. हे सांगायला तिघं जण सकाळपासून टपून होते. बूम गेलं बाकावरच्या म्हाताऱ्याकडं. "बाबा, हवा कोणाची?"

"हवा त कुलरची जी, लाइन असन तवा."

गाडी पुढच्या गावाला गेली. तिघांचा खर्रा तेवढा संपला.

हां, 'कारभार'. फारसी 'कारोबार' की संस्कृत 'कार्यभार', यावर लोक उगाच भांडतात. फारसी 'बार' नि आपला 'भार' सख्खे भाऊ, अर्थ एकच: ओझं. सविस्तर पुढल्या खेपेला. आज हवेनंच जागा खाल्ली.