थिअरीत करिअर होतं का?

मागच्या अंकात सैद्धांतिक संगणकशास्त्रावर मी थोडं लिहिलं होतं. संगणकाला काय करता येतं, काय मुळातच येत नाही आणि जे येतं त्याला किमान किती वेळ लागणार, याचा हा गणिती अभ्यास. आमच्या कॉलेजांत त्याला नुसतं ‘थिअरी’ म्हणतात. मी नागपुरात एका इंजिनिअरिंग कॉलेजात हाच विषय शिकवते आणि ग्राफ अल्गोरिदमवर, म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांवरचे प्रश्न सोडवण्याच्या रीतींवर, संशोधन करते. त्या लेखावर आलेल्या पत्रांपैकी काहींना ही उत्तरं.

तिसऱ्या वर्षाला आहे. सगळ्या विषयांत मला टीओसी (थिअरी ऑफ कम्प्युटेशन) मनापासून आवडला. मित्र म्हणतात, ‘हे शिकून मिहानमधल्या कंपन्यांत कोण घेणार?’ यात पुढे रस्ता आहे का? आणि मला हे जमेल की नाही, हे कसं ओळखू? — एक विद्यार्थी, मानेवाडा

रस्ता आहे. पण आधी तुझा दुसरा प्रश्न घेते, कारण तो जास्त महत्त्वाचा. टीओसीत मार्क चांगले पडले, ही खूण धरू नकोस. डीएफए (एका साध्या यंत्राची आकृती) काढा, ग्रामर लिहा, हे ठरलेले प्रश्न सरावानं कुणालाही येतात. त्यापेक्षा हे करून बघ.

शहरात चौक आहेत, चौकांना जोडणारे रस्ते आहेत. चौकात कॅमेरा लावला की तिथे मिळणारे सगळे रस्ते दिसतात. प्रत्येक रस्ता निदान एका टोकाकडून दिसला पाहिजे आणि कॅमेरे कमीत कमी लागले पाहिजेत. शंकरनगर, बजाजनगर, लक्ष्मीनगर अशी नावं टाकून मी वर्गात फळ्यावर नकाशा काढते. मुलांचं पहिलं उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं: ज्या चौकाला सगळ्यात जास्त रस्ते मिळतात तिथे आधी कॅमेरा लावा, दिसलेले रस्ते पुसा, पुन्हा तेच करा. ऐकायला अगदी पटतं. पण असे नकाशे रचता येतात जिथे ही रीत गरजेच्या कितीतरी पट कॅमेरे लावून बसते, आणि नकाशा मोठा करत गेलं की तो पटही वाढत जातो.

आता दुसरी रीत. अजून न दिसणारा कुठलाही एक रस्ता उचल आणि त्याच्या दोन्ही टोकांना कॅमेरे लाव. मग न दिसणारा दुसरा रस्ता उचल, तसंच कर. सगळे रस्ते दिसेपर्यंत हेच. इथे वर्गात गलका होतो, ‘मॅडम, एकात भागतं तिथे दोन कशाला?’ पण बघ, आपण उचललेल्या कुठल्याही दोन रस्त्यांना सामाईक चौक नसतो. असता, तर दुसरा रस्ता आधीच दिसला असता आणि आपण तो उचललाच नसता. म्हणजे कितीही हुशार माणसानं कॅमेरे लावले, तरी यातल्या प्रत्येक रस्त्यापायी त्याला निदान एक वेगळा कॅमेरा लागणारच. आपण लावले दोन. म्हणून आपले कॅमेरे सर्वोत्तम उत्तराच्या दुपटीपेक्षा जास्त कधीच होत नाहीत. सर्वोत्तम उत्तर किती, हे आपल्याला ठाऊकही नाही. तरी त्याच्याशी आपली तुलना पक्की झाली.

हे वाचताना हात कागदाकडे गेला का? ‘दुपटीच्या खाली का येता येत नाही?’ असं मनात आलं का? आलं असेल तर तुला हे जमेल. कारण तो प्रश्न आजही खुला आहे. रिचर्ड कार्प यांनी 1972 साली ज्या 21 अवघड प्रश्नांची यादी दिली, त्यात हा कॅमेऱ्यांचा प्रश्न आहे. आपल्या इचलकरंजीत वाढलेल्या सुभाष खोत यांनी 2002 मध्ये ‘युनिक गेम्स’ नावाचं अनुमान मांडलं. ते अनुमान खरं असेल आणि पी (झटपट सुटणारे प्रश्न) व एनपी (ज्यांचं उत्तर झटपट तपासता येतं असे प्रश्न) हे वेगळे असतील, तर दुपटीच्या खाली ठाम उतरणारा वेगवान अल्गोरिदम असूच शकत नाही, हे खोत आणि ओडेड रेगेव यांनी दाखवलं. अनुमान अजून सिद्ध झालेलं नाही, कुणी खोडलेलंही नाही. खोतांना 2014 साली संगणकशास्त्राच्या गणिती बाजूसाठीचं नेव्हनलिना पारितोषिक मिळालं. दुसऱ्या वर्षाच्या मुलाला फळ्यावर कळणारी सिद्धता आणि जगातल्या नामवंतांना अडवून बसलेला प्रश्न इतके शेजारी असणारे विषय फार नाहीत. म्हणून तर मी यात रमले.

आता रस्ता. गेट (इंजिनिअरिंगमधल्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा) तर दे, पण तिथे थांबू नकोस. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेची स्वतःची परीक्षा असते, चेन्नईच्या आयएमएससी या गणिती संशोधन संस्थेसाठी जेस्ट ही परीक्षा आहे आणि चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटची वेगळी. प्लेसमेंटला बसायला माझी हरकत नाही. घरची गरज असेल तर आधी मिहानमधली नोकरी कर, मग पीएचडीला जा. तसे गेलेले माझे विद्यार्थी आज उत्तम काम करताहेत. मात्र शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट हजेरीचं आणखी एक ॲप बनवण्यात घालवू नकोस. आयआयटी कानपूरच्या नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी संख्या मूळ आहे की नाही हे झटपट ठरवण्याचा प्रश्न बीटेकच्या प्रोजेक्टलाच घेतला होता. ऑगस्ट 2002 मध्ये त्यांचे शिक्षक मणिंद्र अग्रवाल यांच्यासोबत त्यांनी तो सोडवला. एवढी मजल गाठायची नाहीये. एक चांगला पेपर घे, त्यातली प्रत्येक ओळ स्वतः सिद्ध कर आणि सर-मॅडमना फळ्यावर समजावून सांग. प्रोजेक्ट म्हणून हे भरपूर झालं.

मुलगी एमएस्सी गणित करते आहे. तिला संगणकशास्त्राच्या थिअरीत पीएचडी करायची आहे. किती वर्षं लागतील, खर्च किती येईल, तोवर तिचं वय काय होईल, या काळजीनं मला झोप लागत नाही. — एक आई, वर्धा

ताई, खर्चाची काळजी आधी डोक्यातून काढा. चांगल्या सरकारी संस्थेत पीएचडी करणाऱ्याला फेलोशिप मिळते. जानेवारी 2023 पासून केंद्राची जेआरएफ (सुरुवातीच्या वर्षांची फेलोशिप) महिन्याला 37,000 रुपये आहे, पुढे एसआरएफची (वरिष्ठ फेलोशिपची) 42,000. शिवाय हॉस्टेल किंवा घरभाडं. गणिताच्या पायावर थिअरीत येणं चांगलंच. इथे प्रोग्रॅमिंगपेक्षा सिद्धता जास्त लागते आणि ती तिच्या अंगवळणी पडलेली असेल.

वर्षं पाचेक धरा. खरं कठीण ते त्यानंतर असतं. एक-दोन ठिकाणी पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, करावं लागतं, बरेचदा परदेशात आणि ठरावीक मुदतीचं. कायम जागा थोड्या, अर्ज करणारे पुष्कळ. विद्यापीठ वेतनश्रेणीत सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन 57,700 रुपये आहे, पण शहरातल्या कितीतरी खासगी कॉलेजांत त्याच्या निम्म्यावर, तेही कंत्राटावर, माणसं राबवली जातात. हे तिला आजच माहीत असू द्या. ती डोळे उघडे ठेवून जाईल.

लग्नाचं विचारलं नाहीत, पण ‘वय’ या शब्दात ते आलंच. पीएचडी करताना लग्न केलेल्या आणि मूल झालेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांची पीएचडी अडली नाही. अडली ती चुकीचा गाईड मिळालेल्यांची. संस्थेची इमारत आणि नाव बघून भुलू नका. तिला सांगा, ज्यांच्या हाताखाली काम करायचं त्यांच्या आताच्या विद्यार्थ्यांना फोन करून विचार: सर आठवड्याला भेटतात का? विद्यार्थी वेळेवर बाहेर पडतात का? चूक झाली तर बोलतात कसे? मुलीचं स्थळ बघताना आपण जेवढी चौकशी करतो, तेवढी इथेही करायला हवी.

आता एआय प्रोग्रॅम लिहितं, गणितातल्या सिद्धतासुद्धा लिहितं म्हणे. मग हा विषय कुणी का शिकावा? — एक निवृत्त बँक कर्मचारी, धरमपेठ

काका, लिहून देणारा वाढला की तपासणाऱ्याचं काम वाढतं, हे बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला मी वेगळं सांगायला नको. माझे विद्यार्थी यंत्राकडून लिहून आणलेल्या सिद्धता दाखवतात. भाषा सफाईदार असते. मधेच कुठेतरी ‘हे उघड आहे’ असं लिहिलेलं असतं आणि नेमकं तेच उघड नसतं. शिवाय ॲलन ट्युरिंग यांनी 1936 साली सिद्ध केलं की दिलेला कुठलाही प्रोग्रॅम कधीतरी थांबेल की चालतच राहील, हे दर वेळी अचूक सांगणारी यांत्रिक रीत असूच शकत नाही. यंत्र कितीही वेगवान झालं तरी ही मर्यादा हलणार नाही. ती कुठे लागू होते आणि कुठे नाही, हे समजणारी माणसं लागणारच.

हिंगणा रोडवरच्या एका कॉलेजात शिकवतो. आठवड्याला अठरा तासांचा लोड, वर नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फायली. सहकारी म्हणतात, ‘तुझ्या थिअरीला लॅब लागत नाही, तुझं बरं आहे.’ इथे राहून खरं संशोधन होऊ शकतं का? — एक सहायक प्राध्यापक

सर, लॅब लागत नाही हे खरं. पण सलग वेळ लागतो, आणि चूक दाखवणारी माणसं लागतात. दोन्ही गोष्टी मागून मिळत नाहीत, त्या आपणच ओरबाडून घ्याव्या लागतात.

वेळेचं असं करा की संशोधनाचा प्रश्न शिकवण्याच्या शेजारचा निवडा. वर मी कॅमेऱ्यांचं गणित दिलं आहे. तेच जरा फिरवा: महापालिकेकडे फक्त के कॅमेरे आहेत (के म्हणजे ठरलेला कुठलाही आकडा), भागेल का? एखाद्या चौकाला के पेक्षा जास्त रस्ते मिळत असतील तर तिथे कॅमेरा लावावाच लागेल, कारण नाही लावला तर पलीकडच्या प्रत्येक टोकाला लावावा लागेल आणि ती टोकं के पेक्षा जास्त. असे चौक उरकले की राहिलेल्या प्रत्येक चौकाला जास्तीत जास्त के रस्ते. मग के कॅमेरे फार तर के गुणिले के इतके रस्ते बघणार. त्याहून जास्त रस्ते उरले असतील तर उत्तर सरळ ‘नाही’. कमी असतील तर अवाढव्य शहराचं छोटं गणित झालं. वर्गात हे पंधरा मिनिटांत होतं आणि पॅरामीटराइज्ड कॉम्प्लेक्सिटी (प्रश्नातला के सारखा एखादा आकडा लहान असेल तर प्रश्न किती सोपा होतो, याचा अभ्यास) या भरभरून चाललेल्या शाखेचं दार त्याच जागी आहे. चेन्नईच्या आयएमएससीत त्यावर कित्येक वर्षं भक्कम काम सुरू आहे. मी स्वतः याच दारानं आत शिरले.

माणसांचं म्हणाल तर एकट्यानं थिअरी करू नका, हे मी कळकळीनं सांगते. लास्लो बाबाई यांच्यासारख्या दिग्गजाच्या ग्राफ आयसोमॉर्फिझमच्या (दोन ग्राफ मुळात एकच आहेत का, या प्रश्नाच्या) सिद्धतेत हाराल्ड हेल्फगॉट यांना जानेवारी 2017 मध्ये चूक सापडली. बाबाईंनी काही दिवसांतच ती दुरुस्त केली. हेल्फगॉट ओळ न् ओळ वाचायला बसले, म्हणून हे झालं. आपल्यालाही असा वाचणारा हवा. आम्ही शहरातल्या तीन-चार कॉलेजांतले लोक शनिवारी दुपारी एका रिकाम्या वर्गात जमतो. स्लाइड आणायच्या नाहीत, फळ्यावरच बोलायचं, आणि पटलं नाही तर तिथल्या तिथे अडवायचं. उन्हाळ्यात पंखासुद्धा गरम हवा फेकतो, तरी बैठक मोडत नाही. तुम्हीही या. डिसेंबरात एफएसटीटीसीएस ही थिअरीची कॉन्फरन्स असते, 1981 पासून भारतात भरते. पेपर नसला तरी ऐकायला जा. जेवणाच्या रांगेत पुढच्या कामाचे सोबती भेटतात.

पैसे भरले की आठवड्यात पेपर छापून देणाऱ्या जर्नलांच्या वाटेला जाऊ नका. बढतीचे पॉइंट मिळतील, पण ज्यांनी तुम्हाला वाचावं असं तुम्हाला वाटतं ते वाचणार नाहीत.

आणखी एक अडचण तुम्हाला येणारच. थिअरीत लेखकांची नावं आडनावाच्या वर्णक्रमानं लावतात; कुणी किती काम केलं याच्याशी त्याचा संबंध नसतो. ऑफिसात मात्र ‘फर्स्ट ऑथर कोण?’ असं विचारून मार्क कापले जातात. तोंडी वाद घालू नका. या विषयाची ही रीत आहे असं सांगणारं एक पानाचं पत्र एखाद्या मान्यवर संस्थेतल्या प्राध्यापकांकडून लेटरहेडवर सही करून घ्या आणि दर अर्जाला त्याची झेरॉक्स जोडा. आमच्याकडे ते पत्र फाइलला लागल्यापासून हा प्रश्न पुन्हा आलेला नाही.