लग्नाला तीन वर्षं झाली, पण संबंधच जमत नाहीत

नाशिककडचं जोडपं, दोघंही तिशीतले, नोकरी करणारे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. घरच्यांना ‘गोड बातमी’ची घाई झाली, म्हणून दोघं दवाखान्यात गेले. तिच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या, त्याचं वीर्य तपासून झालं, गर्भनलिका तपासायची तारीखही मिळाली. संबंध होतात का, हे कुणी विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही. माझ्याकडे आल्यावरही बराच वेळ गेला, मग ती म्हणाली, “मॅडम, आमच्यात अजून काही झालेलंच नाही. माझ्यातच खोट आहे.”

तिला जवळीक हवीशी वाटायची. पण प्रत्यक्ष वेळ आली की मांड्या आवळायच्या, आग व्हायची. मावशी म्हणाली, “होईल सवय.” त्याच्या मित्रांनी सुचवलं, “तिला थोडी पाज.” असल्या सल्ल्यांचा मला मनापासून राग येतो. जबरदस्तीने दुखतं, मग पुढच्या वेळी शरीर आधीच धास्तावतं.

या त्रासाला व्हजायनिस्मस म्हणतात. डोळ्याजवळ बोट आलं की पापणी मिटते, तसे योनीभोवतीचे स्नायू आपोआप आवळले जातात. तिने ठरवून काहीच केलेलं नसतं. पण नवऱ्याला वाटत होतं, मी हिला आवडत नाही. त्या ताणाने त्याचंही लिंग ताठ राहीनासं झालं होतं. हेही पुष्कळ जोडप्यांत दिसतं.

पहिली गोष्ट, संबंधाचा प्रयत्न काही आठवडे पूर्ण बंद करायला सांगितला. दोघांच्याही खांद्यावरचं ओझं उतरलं. मग एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी संसर्ग, योनीमुखाशी जाड पडदा किंवा एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याचा आजार) नाही ना, हे पाहिलं. “थांबा म्हणालात की थांबेन,” असं त्यांनी आधीच सांगितलं, म्हणून ती तपासणी करून घेऊ शकली.

त्यानंतर आरसा. तिने स्वतःला कधी पाहिलंच नव्हतं. लघवीची जागा आणि योनीमार्ग वेगळे, हे तिला तेव्हा कळलं, आणि त्यालाही. र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून लैंगिक प्रश्नांवर मराठीत उघडपणे लिहीत होते. शिकलेल्या घरांत आजही एवढं अज्ञान असावं, याचं मला फार वाईट वाटतं.

पुढे फिजिओथेरपिस्टकडे ते स्नायू सैल सोडायला शिकणं, मग स्वतःचं बोट, मग लहानापासून मोठ्यापर्यंत डायलेटर, म्हणजे योनीमार्गाला सवय व्हावी म्हणून वापरायच्या गुळगुळीत कांड्या, भरपूर जेल लावून. सगळं तिच्या हाताने, तिच्या गतीने. मधे दोन पावलं मागेही यावं लागलं. चिकाटीने उपचार घेतले तर बहुतेक जणींना गुण येतो, शस्त्रक्रिया क्वचितच लागते.

तुमचंही असंच असेल, तर डॉक्टरांना एवढं सांगा: “आमच्यात संबंध होऊ शकत नाहीत, प्रयत्न केला की दुखतं आणि मी आवळले जाते.” तोंडून निघत नसेल तर चिठ्ठीवर लिहून द्या. डॉक्टरांनी हसण्यावारी नेलं तर दुसरे गाठा. भिंतीवरच्या ‘गुप्तरोग’ जाहिरातींच्या नादी मात्र लागू नका.

या दोघांचे संबंध आता होतात, न दुखता. मुलाचा विचार त्यांनी थोडा पुढे ढकललाय. हा विषय सध्या काढायचा नाही, असं आईला त्यानेच सांगितलं.