हात थरथरले म्हणजे मुलगा घाबरला?

“स्काउटची स्पर्धा झाल्यापासून पथकाच्या मीटिंगचा दिवस आला की पोटात दुखतं म्हणतो. जबरदस्तीने पाठवू की नाव काढून घेऊ?” अकरा वर्षांच्या मुलाच्या आईचा प्रश्न. कुटुंब अमेरिकेत राहणारं, त्यामुळे आमच्या भेटी व्हिडिओवरच झाल्या. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) पोटाची तपासणी डॉक्टरांकडे आधीच झाली होती. तसं नसतं तर मी तिथूनच सुरुवात करायला सांगितलं असतं.

ही स्पर्धा म्हणजे क्लोंडाइक डर्बी. 1896 मध्ये कॅनडाच्या युकॉन भागात क्लोंडाइक नदीच्या खोऱ्यात सोनं सापडलं आणि बर्फ तुडवत माणसांची रीघ लागली. त्या आठवणीवर बेतलेला हा खेळ. मुलांची तुकडी सामानाने लादलेली स्लेज (बर्फावरची घसरगाडी) स्वतः ओढत एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर जाते. कुठे गाठी मारायच्या, कुठे होकायंत्रावरून दिशा शोधायची, कुठे जखमीला उचलून न्यायचं. आणि बहुतेक ठिकाणी एक ठाणं आगीचं असतंच: वर ताणलेली दोरी जळून तुटेल एवढी ज्वाळा पेटवायची. या मुलाकडे काडेपेटी होती. चार काड्या मोडल्या, पाचवी बर्फात पडली. तुकडी मागे पडली आणि कुणीतरी म्हणालं, “घाबरला बघ, हात बघ त्याचे.”

वडील लहानपणी स्वतः स्काउट होते. “आम्ही असे नाजूक नव्हतो हो,” ते म्हणाले. मला राहवलं नाही. स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी 1907 मध्ये इंग्लंडच्या ब्राउन्सी बेटावर पहिलं शिबिर भरवलं, तेही ऑगस्टमध्ये, म्हणजे तिथल्या उन्हाळ्यात, हे मी त्यांना सांगितलं. सल्लागाराने टोमणा मारू नये, पण मारला.

मुलगा पहिल्या भेटीत जवळजवळ बोललाच नाही. दुसऱ्या वेळी मी त्याला स्पर्धेचा रस्ता कागदावर काढायला सांगितला. त्याने सगळी ठाणी काढली, स्लेजच्या दोऱ्यासुद्धा. मग विचारलं, “हात थरथरायला कुठे लागले? तिथे फुली मार.” मला वाटलं होतं फुली आगीपाशी पडेल. ती पडली दोन ठाणी आधी. तिथे गाठी मारायला त्याने हातमोजे काढले होते, ते बर्फावर ठेवले, ओले झाले, तेच परत घातले.

“मग कुणाला सांगितलं नाहीस?”

“स्काउट रडगाणं गात नाहीत.”

म्हणजे हात आधी गारठले होते आणि भीती मागाहून आली. पण दोन्हींत हात सारखेच थरथरतात, त्यामुळे इतरांनी दिलेलं नाव त्याने खरं मानलं. मी त्याला शरीराचा हिशेब सांगितला: थंडीत हातापायांतल्या रक्तवाहिन्या आकसतात, ऊब छातीपोटासाठी राखली जाते, बोटांना काडीची जाणीवच नीट होत नाही. आणि कुडकुडणं म्हणजे स्नायूंनी ऊब तयार करणं.

हे सांगून वडिलांना पटलं नसतं. म्हणून दोघांना घरी बर्फाच्या पाण्यात एकच मिनिट बोटं बुडवायला लावली आणि लगेच शर्टाची बटणं लावायला सांगितलं. मुलगा दुसऱ्या बटणापाशी अडला. वडील पहिल्याच. स्क्रीनवर मला त्यांचा चेहरा दिसत होता. ते बराच वेळ बटणाकडेच बघत राहिले. मग मुलाला म्हणाले, “आणि तू तर तासभर तसाच होतास.” माझ्या कुठल्याही वाक्यापेक्षा हे वाक्य जास्त उपयोगी पडलं.

आता आईच्या प्रश्नाकडे. मी दोन्ही नको म्हटलं. त्या दिवसाची कडू चव ताजी असताना नाव काढलं, तर “मी भित्रा” हाच शेवटचा निकाल मुलाच्या मनात राहतो. ढकलून पाठवलं, तर पोटदुखी वाढते. आधी मीटिंगला अर्धा तास जायचं, स्पर्धेचा विषय घरच्यांनी काढायचा नाही. आणि एक वाक्य त्याने तोंडपाठ करायचं: “माझी बोटं बधिर झालीत, मला थांबायला हवं.” हे रडगाणं नाही. बर्फात हे न सांगणं धोक्याचं आहे. बधिर झालेली, पांढुरकी पडलेली कातडी हिमदंशाची खूण असू शकते, आणि ती चोळायचीही नसते. हे वाक्य त्याने पथकप्रमुखांना स्वतः सांगितलं. त्यांनी पुढच्या मीटिंगमध्ये प्रत्येकाला जोडीदाराचे हात, नाक, कान तपासायला लावले. सगळेच पथकप्रमुख असे निघतील याची खात्री मी देत नाही.

तुमच्या घरी असंच चालू असेल आणि टाळाटाळ शाळा, झोप, मित्र यांच्यापर्यंत पसरत असेल, तर मात्र घरगुती प्रयोगांवर वेळ घालवू नका. प्रत्यक्ष कुणालातरी भेटा.

येत्या हिवाळ्यात स्पर्धेला जायचं की नाही, हे मुलाने अजून सांगितलेलं नाही, वडिलांनीही विचारलेलं नाही. आईचा निरोप मात्र आला: मोठ्या हातमोज्यांच्या आत घालायला पातळ हातमोजे हवेत म्हणाला, दोन जोड. एक ओली झाली तर.