दंड भरला म्हणजे प्रकरण मिटले, असे समजू नका

माहीमच्या नाकाबंदीत श्वास तपासणाऱ्या यंत्रात फुंकर मारल्यावर दारूचा आकडा १०० मिलिलिटर रक्तामागे ३० मिलिग्रॅमच्या वर गेला, न्यायालयात गुन्हा कबूल करून तुम्ही दंड भरलात आणि आता नोकरीचा अर्ज पुढ्यात घेऊन बसला आहात, म्हणून भरतीच्या कामात केस पिकलेला माणूस या नात्याने लिहितो. ते साधे ई-चलन नव्हते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्या गुन्ह्यालाही ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि कबुलीनंतर झालेला दंड ही दोषसिद्धीच असते.

‘आपणांस कधी शिक्षा झाली आहे काय?’ या रकान्यात ‘नाही’ लिहिण्याचा मोह आवरा. सर्वोच्च न्यायालयाने अवतार सिंग प्रकरणात (२०१६) किरकोळ गुन्ह्याची माहिती दडवल्यास नियोक्ता ती चूक माफ करू शकतो असे म्हटले असले, तरी त्या मेहेरबानीवर विसंबू नये. चालकाच्या पदासाठी अर्ज असेल, तर मात्र खरे सांगूनही दार बंद होण्याची शक्यता मोठी आहे. निकालाची प्रत आणि दंडाची पावती (तिची शाई लवकर उडते, झेरॉक्स काढा) मुलाखतीला जाताना फाइलमध्ये ठेवा.